मऊ केलेलं जाकीट

थंडी आली का आधी घोड्यांच्या नाकाला कळतं. सकाळी तबेल्याचं दार लोटलं आन आतून पांढरी वाफ आली का समजायचं, आता झुली काढायच्या. धरणावरून धुकं येतं ते खालच्या द्राक्षाच्या बागांवर बसून राहतं, ऊन वर आलं तरी हालत नाय. ओली लीद, भिजवलेला चणा, खोगिराच्या चामड्याला लावायचं तेल, सगळा मिळून एक वास असतो. तीस-बत्तीस वर्सं मी त्या वासात झाडू मारला. यंदा दार लोटलं, वाफ आली, आन मला मागची थंडी आठवली. झाडू तसाच हातात राहिला.

ही घोड्यांची शाळा हाय. नाशकातली मोठ्या घरची पोरं गाडीतून येत्यात, डोक्यावर टोप घालत्यात आन घोड्यावर बसायला शिकत्यात. माझे मालक तिथं मोतद्दार व्हते, म्हणजे घोड्यांची सगळी देखभाल त्यांच्याकडं. मी झाडलोट करायची, आन थंडी आली का झुली शिवायची. खाली गोणपाट, वर जुन्या चादरी, मधी चिंध्या, आन दाभणानं सुतळीचा धावदोरा. घोडं लय नाजूक जनावर. पाठीला एक गाठ टोचली तर दिसभर अंग थरथरवतं. माझ्या झुलीखाली कधी घोडं थरथरलं नाय. गावात बी बाळंतिणीची गोधडी माझ्याकडंच यायची. चौथी शिकलेली बाई मी, दुसरं काय मला येत नाय, पण कशाला बी मऊ करून देती.

मालकांना तरणेपणी एका घोड्यानं लाथ मारली, बरगड्यांवर. तवा कोण दवाखाना आन कोण काय. हळद लावली आन कामाला गेले. हाडं वाकडीच जुळली. जल्मभर त्यांना डाव्या कुशीवर निजता आलं नाय, आन चढ चढताना मधीच थांबायचे, लांब काय दिसतंय असं बघत राहायचे. मला ठावं व्हतं, बघत काय नायत, दम घेत्यात. थंडीत तिथं लय ठणकायचं. मंग मी त्यांना जुन्या लुगड्याची बंडी शिवून दिली, आतून पाच-सहा पदर. ती घातली का त्यांचं तोंड सैल पडायचं. "आता बरं वाटतंय," एवढंच म्हणायचे. ते मेले तवा अंगावर तीच बंडी व्हती. म्हणून माझ्या मनात बसलं ते बसलंच, का बरगडीला मऊ लागतं.

तेजू माझ्या लेकीची लेक. लेक लासलगावला असती, कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाती. तिकडं पोरीच्या शाळेचं धड व्हईना म्हणून तेजू पाचवीत असताना माझ्याकडं आणून सोडली. "आई, तुझ्याकडं ठेवती," म्हणली आन परतीच्या येष्टीत बसली. पोरगी माझ्यामागं तबेल्यात यायची. आधी पाट्या उचलायची, मंग घोड्यांना खरारा करायची, मंग एक दिस बघती तर खोगीर न घालता साखरच्या पाठीवर. साखर म्हणजे आमची पांढुरकी घोडी, लय मिजासखोर. शिकवणाऱ्या मॅडमनं बघितलं. मला वाटलं आता आम्हा दोघींना बाहेर काढतील. त्या म्हणल्या, आजी, हिला उद्यापासून पाचला पाठवा.

मागच्या थंडीत तेजू सोळाची व्हती. माघाच्या आधी उड्यांची स्पर्धा व्हती. आडव्या दांड्या लावत्यात, घोडं त्यावरून उडवायचं. मॅडम म्हणल्या व्हत्या, तेजू यात नीट उतरली तर लहान पोरांना शिकवायला तिला ठेवून घेऊ, कॉलेज करता करता. माझ्या घरात पोरीच्या जातीला झाडू सोडून दुसरं काय हातात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. तेजूनं मला सांगितलं तवा मी चुलीपुढं व्हते. भाकरी उलथली. पण ती भाकरी जळाली, एवढं आठवतं.

स्पर्धेत अंगात जाकीट पाहिजे, पडलं तर मार बसू नये म्हणून घालत्यात ते, त्याशिवाय उडीला सोडत नायत. शाळेची चार-पाच जाकिटं व्हती, ती थोराड पोरांच्या मापाची. एकेकात दोन तेजू मावल्या असत्या. त्यात पडून पडून त्यांना खड्डे पडलेले, दाबलं तरी वर येत नव्हते. मॅडम तवा दुसऱ्या पोरांना घेऊन बाहेरगावी गेल्या व्हत्या. त्यांनी मोबाइलवर लिहून पाठवलं, तेजूनं मला वाचून दाखवलं. अंगाला घट्ट बसलं पाहिजे. मागून खोगिराच्या वर चार बोटं राहिलं पाहिजे. हात वर करून, वाकून बघायचं. एवढंच. जे सांगायचं राहिलं ते त्यांच्या बी ध्यानात आलं नाय.

दुपारी आम्ही दोघी शहरात गेलो. दुकान पश्चिमेच्या बाजूचं, काचेतून सरळ ऊन आत येत व्हतं. दुकानदारानं तीन दाखवली. एकाला दोरी व्हती, ती खोगिराला बांधायची, माणूस पडला का जाकीट फुगतं. तेजू म्हणली, आजी, उतरताना दोरी सोडायची विसरले तर सगळ्यांसमोर माझा फुगा व्हईल. ते आम्हाला झेपणारं बी नव्हतं. दुसरं गळ्याला वर यायचं. तिसरं काचेत टांगलेलं व्हतं, उन्हात. बाहेरून काळं कापड, आतून जाड फोमचे चौकोन, बर्फीच्या वड्या मांडाव्या तसे. खांद्याला आन कुशीला कराकरा निघणाऱ्या पट्ट्या. मी आपली अंगठ्यानं दाबून बघू लागले, पीठ तिंबून झालं का बघत्यात तसं. दुकानदार हसला. "आजी, गादी नाय घ्यायची, जाकीट घ्यायचंय," म्हणला. मी म्हणलं, दोन्ही अंगालाच लावायचं ना.

वडी मऊ लागली. तेजूनं घातलं, हात वर केले, वाकली, उकिडवी बसली. कुठं टोचत नाय म्हणली. तिच्या अंगात ते असं बसलं जसं तिच्याच मापानं कापलंय. मीच म्हणलं, हेच घे. येताना बसमधी तिनं ते मांडीवर धरलं व्हतं, पिशवीत घातलं नाय.

दुसऱ्या दिशी पहाटे पाचला तेच जाकीट घराच्या पत्र्याच्या भिंतीवरून काढलं तर फळी. दार अंगाला बांधावं तशी फळी. तेजूला श्वास घेता येईना. बगलेत काचायचं, गळ्याच्या हाडाला वरची कड लागायची. मी म्हणलं नवीन हाय, सुटंल. ते सुटंना. तीन दिस, चार दिस. ती घालायची, दोन फेऱ्या मारायची, काढून कठड्यावर टाकायची आन तशीच बसायची. संध्याकाळी मी तिच्या बगलेला खोबरेल लावायची, तिथं लाल पट्टे उठले व्हते. घोडीला सगळं कळतं. तेजू आखडली का साखर बी आखडायची, दांडीजवळ येऊन पाय रोवायची. मालकांच्या जागी आता किसन मोतद्दार हाय, त्याची जीभ लय तिखट. तो म्हणायचा, "तेजे, कपड्याचं हँगर काढायचं राहिलं का पाठीतून?" पोरगी हसायची, पण तिच्या डोळ्यात पाणी यायचं.

पाचव्या दिशी ती मला म्हणली, "आजी, तू मऊ करून दे ना. घोड्यांना देती, मला नाय?"

मला कोणी काय मागितलंय एवढ्या वर्सांत? झाडून घे, उचलून घे, असंच सगळं. आन नात मागती ते बी मला येणारंच.

ती शाळेत गेली तवा मी जाकीट घेऊन वट्ट्यावर उन्हात बसले. आतलं कापड उसवलं. पेठेकडून भाजी घेऊन येणारी बाई रस्त्यानं जात व्हती, ती म्हणली काय उसवती गं म्हातारे, मी म्हणलं नातीची फळी उसवती. उन्हात त्या वड्या मला तेवढ्या कडक लागल्या नाय. खरं सांगती, हाताला लागल्या नाय. मी थांबले बी जराशी. पण मंग मनात आलं, आपले हात राठ, दाभणानं घट्टे पडलेले, आपल्याला काय कळतंय. पोरीच्या अंगाला जे कळतं ते खरं. आन एकेक वडी काढून पिशवीत टाकत गेले. दोन्ही कुशीच्या काढल्या, बरगडीवरच्या काढल्या. त्या जागी माझं जुनं लुगडं घातलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, सात पदर. बारीक धावदोरा मारला. पाठीच्या वड्या बी काढणार व्हते. तेवढ्यात तेजू शाळेतून आली, तिला भूक लागली व्हती, मी उठून चुलीकडं गेले. दुसऱ्या दिशी वेळ झाला नाय. म्हणून पाठीच्या राहिल्या. तिला भूक लागली नसती तर काय झालं असतं, ते मी आता पाट्या उचलताना, पाणी भरताना, कधी बी मनात आणती आन तिथंच सोडून देती.

तिनं घातलं आन दोन्ही हात स्वतःभोवती गुंडाळले. "अंगातलंच वाटतंय गं," म्हणली. तिसऱ्या दिशी साखर सगळ्या दांड्यांवरून उडून गेली. किसन मला म्हणला, "काय म्हातारे, तुझी नात आता कागदासारखी हलकी बसती." माझी मान वर झाली. स्पर्धेच्या आदल्या दिशी मॅडम आल्या. त्यांनी तेजूच्या पट्ट्या ओढून बघितल्या, मागून चार बोटं मोजली, म्हणल्या छान बसलंय. माझा टाका बाहेरून दिसत नाय. लोक त्याचं कौतुक करत्यात. मी बी तिथंच उभी व्हते, हातात पाटी. बोलले नाय. लपवायचं म्हणून नाय. बोलण्यासारखं काय हाय असंच वाटलं नाय.

स्पर्धेच्या सकाळी जमीन गारठ्यानं फरशीसारखी झाली व्हती. मी कठड्याच्या ह्या बाजूला. पहिली दांडी गेली, दुसरी गेली. तिसरीला साखर आली आन ऐन वेळेला तिनं पाय रोवले. तेजू मानेवरून पुढं गेली. दांडी पडली, आन दांडीवर ती पडली, उजव्या कुशीवर. आवाज मोठा झाला नाय. ओली चादर झटकावी, तेवढा. मी कठड्याखालून वाकून आत जायला गेले तर मला वाकता येईना. किसननं उचलून मला पलीकडं नेलं. ती डोळे उघडे ठेवून बघत व्हती, तोंड उघडत व्हती, हवा आत जात नव्हती. मी तिचं डोकं मांडीवर घेणार, तर कोणी तरी वरडलं, हलवू नका. मंग मी नुसती शेजारी बसले. आपलं पोरगं समोर गुदमरतंय आन त्याला हात लावायचा नाय. गाडी येईपर्यंत मी माझे दोन्ही हात मातीवर दाबून धरले.

तीन बरगड्या मोडल्या. एक आत फुफ्फुसाला लागली. कुशीत नळी घातली, ती नळी एका बाटलीत, बाटलीत बुडबुडे. डॉक्टरनं इचारलं, जाकीट व्हतं ना अंगात? मॅडम म्हणल्या व्हतं की, चांगलं व्हतं. कापून काढलेलं जाकीट पिशवीत व्हतं. त्यांनी ते बाहेर काढलं. कात्री लागलेल्या जागेतून माझं लुगडं बाहेर आलं व्हतं, मोरपंखी, बारीक चौकटीचं. मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या. मंग माझ्याकडं बघितलं. मी तेच पातळ नेसायची तबेल्यात, त्यांनी ओळखलं असणार.

मी म्हणलं, "मी केलं. तिला टोचत व्हतं."

त्या वरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बाकावर बसल्या, माझ्या शेजारी, मांडीला मांडी लावून. जाकीट मांडीवर घेतलं. मंग हळू आवाजात म्हणल्या, "आजी, ते थंडीत कडकच होतं. अंगात घालून दहा मिनिटं बसायचं. अंगाच्या उबेनं मऊ पडतं. आपोआप. मी सांगायला हवं होतं."

दहा मिनिटं. मी तिथंच बसले.

लेकीला फोन किसननं लावून दिला. मागं खळ्यावरच्या बायांचा गलका व्हता. मी सगळं सांगितलं, माझं बी सांगितलं. तिकडं कोणी तरी हसत व्हतं, गोणी वढत व्हतं. मंग ती म्हणली, "आई, तुझ्याकडं ठेवली व्हती." दुपारच्या गाडीनं आली. हाताला कांद्याचा वास तसाच. माझ्याशी बोलली नाय, पण माझ्या पुढ्यात चहा आणून ठेवला.

कपडे आणायला म्हणून मी घरी आले. वड्यांची पिशवी कोपऱ्यात व्हती. एक वडी काढली. गार, दगडासारखी. मुठीत धरून बसले. समोर भिंतीवर घड्याळ व्हतं, तेवढं मला कळतं. आधी काय झालं नाय. मंग कडा सुटल्या. मंग बोट आत गेलं, आन काढलं का हळूच वर आलं. दहा मिनिटं बी लागली नाय. माझ्या राठ मुठीची ऊब तिला पुरली. पोरीच्या अंगाची तर किती असती, तरणं अंग, पळून आलेलं. मी वडी सोडली नाय. उठले तवा ती हातालाच चिकटली व्हती.

दुखल्यावर काय लागतं ते मला येतं. मालकांचं केलं, बाळंतिणींचं केलं. दुखायच्या आधी काय लागतं, ते मला कुणी कधी सांगितलं नाय, आन आमच्यात त्याला वेळ बी कुठं मिळतो. लाथ बसती, मंग हळद. हाडं वाकडी जुळत्यात, मंग बंडी. माझं सगळं ग्यान लाथेच्या नंतरचं. ते मी लाथेच्या आधी पोरीच्या अंगात घातलं.

उन्हाळाभर तेजू घरी व्हती. दवाखान्यातून एक डबी दिली व्हती, तिच्यात तीन गोळ्या. नळीतून श्वास वढायचा, गोळ्या वर गेल्या पाहिजेत. पहिल्यांदा एक बी हालंना. ती वढायची, कुशीला हात दाबायची, घाम फुटायचा. मी समोर बसून आपोआप माझाच श्वास वढायची. ती म्हणायची, "आज्जे, तू वढून माझी गोळी कशी वर जाईल?" मला एक शब्द तिनं त्या जाकिटाचा काढला नाय. एकदाच, केस विंचरताना, पाठमोरी व्हती तवा म्हणली, "मऊ मलाच पाहिजे होतं ना." ते ऐकून मला बरं वाटायला पाहिजे व्हतं. मला जास्तच जड झालं.

पाऊस सरता सरता दोन गोळ्या वर गेल्या, दसऱ्याला तिसरी. आन त्याच आठवड्यात ती तबेल्यात जाऊन साखरच्या गळ्यात पडली. मॅडमनं तिची जागा दुसऱ्याला दिली नव्हती. डॉक्टर म्हणला हाडं नीट जुळलीत, घोड्यावर बसू द्या. लेकीनं फोनवर मला सांगितलं, तू नाय म्हण, तुझं ऐकती ती. मी नाय म्हणले नाय. कोणत्या तोंडानं म्हणणार? मी हो बी म्हणले नाय. तेजूनं मला इचारलंच नाय. तिनं फक्त सांगितलं, आजी, रविवारी जाकीट घ्यायला जायचंय, मॅडम येतायत, तू बी चल. मी म्हणलं मला कशाला नेती. म्हणली, चल.

ह्या येळंला सकाळीच गेलो, दुकान गार असताना. मॅडमनं दुकानदाराला घोडीवर खोगीर ठेवायला लावलं, म्हणजे लाकडी घोडी, दुकानातली. तेजूला जाकीट घालून त्यावर बसवलं आन घड्याळ लावलं. ती ताठ बसलेली, जशी नवरी पाटावर. दुकानदारानं मला ओळखलं, म्हणला, आजी, यंदा दाबून बघत नाय का? त्याला काय ठावं. मी स्टुलावर बसले व्हते, दोन्ही हात पदराखाली. दोन जाकिटं दहा दहा मिनिटं घालून उतरवली. एक मागून खोगिराला टेकत व्हतं, एक खांद्याला पोकळ. तिसरं बसलं. मॅडमनं तिला वाकवलं, आडवं केलं, वरून मुठीनं ठोकून बघितलं. मला इचारलं, आजी, तुम्हाला कसं वाटतं? मी म्हणलं, मला इचारू नका.

आज पहिल्यांदा ती बसणार. पहाटेचं धुकं तसंच, जमीन तशीच. मॅडमच्या हातात साखरचा लगाम, घोडी पाय आपटती. त्या मला लांबून म्हणल्या, आजी, तेवढ्या कुशीच्या पट्ट्या ओढा, माझा हात मोकळा नाय. किसनकडं बघितलं तर तो खोगीर आवळत व्हता. दुसरं कोणी नव्हतं.

मी पुढं झाले. जाकीट लाकडासारखं गार. उजव्या कुशीची पट्टी धरली, तिथंच, त्या तीन हाडांवर. जराशी ओढली. तेजूनं श्वास आत घेतला.

"आजी, टोचतंय."

माझ्या हातांना त्या बोलण्याची सवय हाय. टोचतंय म्हणलं का ते आपोआप सैल करत्यात, साठ वर्सांची सवय. ते सैल करायलाच निघाले व्हते.

"टोचू दे," मी म्हणलं, आन अजून एक बोट ओढली.

दहा मिनिटं ती कठड्याला टेकून उभी राहिली, मी तिच्या शेजारी. मंग ती घोडीवर चढली आन धुक्यात गेली. पट्टी ओढलेले माझे हात तसेच मोकळे राहिले, आन त्यांना आता काय काम द्यावं ते मला उमगंना.